आधी नंबर, मग नाव: बाटलीतला बेडूक आणि समुद्रातला देवमासा कॅटलॉगमध्ये कसा चढवायचा

नवीन माणूस आमच्या जतन केलेल्या प्राण्यांच्या कलेक्शनच्या खोलीत आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हा कुठला बेडूक?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, की ते राहू दे, हा मिळाला कुठे, कधी, आणि याच्या पायाला टॅग बांधलाय का ते आधी सांग. समोरच्याला वाटतं हिला नाव येत नाहीये म्हणून विषय बदलतेय. कधीकधी ते खरंही असतं म्हणा. पण नाव काय, आज नाही तर पाच वर्षांनी कोणीतरी लावेल, बेडूक बाटलीत शांत बसलेलाच असतो. तो कुठल्या ओढ्याकाठी कुठल्या रात्री मिळाला हे मात्र आज लिहिलं नाही तर नंतर कितीही मोठा तज्ज्ञ आणा, त्याला ते सांगता येणार नाही.

आणि नावं बदलतात हो. दक्षिण आणि आग्नेय आशियात सगळीकडे दिसणारा तो खडबडीत पाठीचा टोड घ्या, वर्षानुवर्षं सगळ्या लेबलांवर बुफो मेलॅनोस्टिक्टस असायचा, २००६ मध्ये उभयचरांची मोठी फेररचना झाली आणि तो डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस झाला. टोड तोच, बाटली तीच, तारीख तीच. ज्यांनी रजिस्टर नावाच्या भरवशावर लावलं होतं त्यांना शोधाशोध, ज्यांनी नंबरावर लावलं होतं त्यांनी फक्त एक रकाना बदलला.

आता यात देवमासा कुठून आला? तर मी बरेच दिवस राइट व्हेलचे फोटो जुळवण्याच्या कामात हात घातला होता, आणि तिथे बसल्यावर लक्षात आलं की काम हेच आहे, फक्त इथे प्राण्याला दोऱ्याने टॅग बांधता येत नाही, त्याचा टॅग त्याच्या डोक्यावर आधीच उगवलेला असतो. राइट व्हेलच्या डोक्यावर जाड, खरखरीत, शिंगासारख्या कडक कातडीचे उंचवटे असतात, आपल्या तळहाताला पडतात तसे घट्टेच, फक्त प्रचंड मोठे आणि घासल्याने नाही तर जन्मजात जागेवर आलेले. त्यांना कॅलोसिटी म्हणतात. प्रत्येक व्हेलची नक्षी वेगळी. म्हणजे बेडकाला आपण नंबर देतो आणि व्हेल तो घेऊनच येते, पुढचं सगळं सारखंच. काय बदलतं आणि काय बदलत नाही हे ओळखायचं आणि नोंद न बदलणाऱ्या गोष्टीला बांधायची.

बेडूक, साप, पालींपासून सुरू करू, कारण बहुतेकांच्या हाती आधी तेच येतं.

परवानगी आणि हातमोजे

हा भाग कंटाळवाणा आहे पण वगळू नका. जंगली प्राणी उचलायला, मारायला, अगदी मेलेला ठेवायलासुद्धा जवळपास सगळीकडे परवानगी लागते, आणि सीमेपलीकडे पाठवायचा असेल तर साइट्स हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार आहे, १९७३ चा, त्याच्या यादीत तुमची जात आहे का बघावं लागतं. परवान्याचा नंबर हा कॅटलॉगमधला एक रकाना आहे, वेगळ्या फाइलमधला कागद नाही. दहा वर्षांनी कोणी पेपर छापायला बसतं आणि जर्नल परवाना नंबर मागतं तेव्हा तो रकाना सोन्याचा वाटतो. जिवंत प्राणी वेदना न देता कसा मारायचा हे शिकलेल्या माणसाकडून समोरासमोर शिका, लेख वाचून नाही. सुरुवातीला हात बसवायला रस्त्यावर गाडीखाली आलेले, पाण्यात बुडून मेलेले प्राणी पुष्कळ असतात, परवानगी त्यांनाही लागते एवढं लक्षात ठेवा.

फॉर्मॅलिनने कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. हवा खेळती, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आणि ओढ्यातून ओढ्यात फिरताना बूट आणि जाळी धुऊन, निर्जंतुक करून वाळवा, बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आपल्याच बुटांवरून पसरते.

फील्ड नंबर: सगळ्या कामाचा कणा

प्राणी हातात आला की त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला त्याला फील्ड नंबर द्यायचा. तुमची आद्याक्षरं आणि पुढे चालू आकडा, बस. पहिल्या बेडकाला १, आणि आयुष्यभर तोच क्रम पुढे. दरवर्षी १ पासून सुरू करू नका, दर सहलीला करू नका, सापांचे वेगळे बेडकांचे वेगळे करू नका. नवीन लोकांना नंबरात माहिती कोंबायची फार हौस असते, वर्ष, गाव, जात, नर मादी सगळं घालून नंबर आगगाडीएवढा होतो, आणि मग कळतं की मादी समजलो होतो तो नर आहे, आता नंबरच खोटा ठरला. नंबर मुका असावा. त्याला काही सांगायचं नसतं, फक्त बोट दाखवायचं असतं.

एक नंबर एकदा वापरला की संपला. प्राणी हरवला, सडला, चुकून टाकून दिला तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, वहीत त्या ओळीवर "नष्ट" लिहायचं आणि पुढे जायचं.

एक प्राणी एक नंबर, हा नियम. अपवाद टॅडपोलचा, एकाच डबक्यातून एकाच वेळी काढलेले चाळीस टॅडपोल एका नंबराखाली ठेवतात, पण मग किती आहेत ते मोजून लिहायचं. त्यातला एक नंतर बाजूला काढून तपासला तर त्याला नवा नंबर, आणि दोन्ही ओळींत एकमेकांचा उल्लेख.

टॅग

इथे मी स्वतः हात भाजून घेतलेत म्हणून जरा लांबण लावते. माझ्या पहिल्या वीस-बावीस पाली मी बॉलपेनने लिहिलेल्या टॅगसकट अल्कोहोलमध्ये टाकल्या होत्या, आणि दोन आठवड्यांनी बाटली उघडली तर कोरेकरकरीत टॅग, हलका निळा अल्कोहोल आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बावीस पाली. वहीत सगळं होतं, जागा, वेळ, तापमान, पण कुठली ओळ कुठल्या पालीची ते गेलं. लांबी मोजून नऊ जुळवल्या, बाकीच्या शिकवायला वापरतात.

तर बॉलपेन नाही, जेल पेन नाही, साधा मार्कर नाही. पेन्सिल चालते, चांगली दाबून लिहिलेली, किंवा पिगमेंटची शाई जी अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन दोन्हीत टिकते. लेझर प्रिंटरची अक्षरं सुरुवातीला छान दिसतात पण काही वर्षांनी कागदावरून सुटून बाटलीच्या तळाशी पडलेली मी बघितलीयेत, तेव्हा प्रिंट वापरायचीच असेल तर आधी एक तुकडा अल्कोहोलमध्ये घालून महिनाभर ठेवून बघा. कागद शंभर टक्के कापसाचा जाड किंवा पाण्यात न विरघळणारा प्लास्टिकसारखा, वहीचं पान फाडून नाही. दोरा सुती, पक्का.

बेडूक, पाल, कासव यांना मागच्या पायाला गुडघ्याच्या वर बांधतात, सापाला आणि देवगांडुळाला (गांडुळासारखा दिसणारा उभयचर) पायच नसल्यामुळे मानेच्या जरा मागे अंगाभोवती. गाठ दुहेरी, निसटणार नाही इतकी घट्ट पण कातडीत रुतणार नाही इतकी सैल, आणि दोरा आखूड ठेवा नाहीतर बाटलीत दहा बेडूक एकमेकांच्या टॅगमध्ये अडकून गुंता होतो आणि तो सोडवताना पाय तुटतात. टॅग फॉर्मॅलिनच्या आधी बांधायचा. "नंतर बांधू" म्हणून ट्रेमध्ये ओळीने ठेवलेले प्राणी कोणाच्यातरी धक्क्याने हलतातच.

बाटलीच्या बाहेर लेबल लावा हवं तर, पण खरं लेबल आत. बाहेरचं पडतं, खरडलं जातं, अल्कोहोल सांडून पुसलं जातं.

क्रम चुकवू नका

प्राणी मेल्यावर आधी फोटो, रंग असतानाचे तर जिवंतपणीच काढलेले असावेत. अल्कोहोलमध्ये रंग राहत नाहीत, हिरव्या बेडकातला पिवळा रंग विरघळून जातो आणि तो निळा होऊन बसतो, मग कोणीतरी हौशी माणूस "निळी जात सापडली" म्हणून आनंदित होतो. पाठ, पोट, दोन्ही बाजू, मांडीची आतली बाजू, पंजाचे तळवे. प्रत्येक फोटोत फील्ड नंबरची चिठ्ठी आणि मोजपट्टी हवीच.

मग मोजमाप आणि वजन, फॉर्मॅलिनच्या आधी, कारण नंतर अंग आकसतं. मुख्य माप म्हणजे मुस्कटाच्या टोकापासून मागच्या, विष्ठा बाहेर पडते त्या फटीपर्यंत, ज्याला सगळे एसव्हीएल म्हणतात. शेपटी वेगळी मोजायची, आणि पालीची शेपटी मूळची आहे की तुटून परत आलेली ते लिहायचं, परत आलेली असेल तर ते माप तुलनेला निरुपयोगी असतं. सापाचे पोटावरचे आणि शेपटीखालचे खवले नंतरही मोजता येतात, घाई नाही.

मग टिश्यू. यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा, कडक अल्कोहोलमध्ये म्हणजे ९५ टक्के किंवा वर, आणि कुपीवर तोच फील्ड नंबर. फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं, त्यामुळे हे आधी. दोन प्राण्यांमध्ये कात्री आणि चिमटा पुसून, ज्वाळेतून काढून, नाहीतर तुमच्या सापात बेडकाचा डीएनए निघेल.

त्यानंतर फॉर्मॅलिन. दहा टक्के म्हणजे बाजारात मिळणाऱ्या घट्ट फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात आम्लता मारणारं बफर घातलेलं, नाहीतर हाडं विरघळायला लागतात. पोटात इंजेक्शनने भरायचं, फक्त बुडवून आतपर्यंत पोचत नाही आणि आतडी सडतात. ट्रेमध्ये ओल्या कागदावर पाय, बोटं नीट पसरून ठेवायची, साप गोल वेटोळं करून, कारण जसा कडक होईल तसाच तो शंभर वर्षं राहणार आहे. नर सापाची आणि पालीची हेमिपीनस (जोडीची जननेंद्रियं) बाहेर काढून ठेवणं हे तेव्हाच जमतं, ते कोणाच्या शेजारी बसून शिका.

काही दिवसांनी, मोठ्या सापाला आठवडाभराने, पाण्यात चांगलं धुऊन ७० टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये. बाटली पूर्ण भरलेली, अंधाऱ्या कपाटात, झाकण गंजणारं नको. आणि एक गंमत, अल्कोहोल पाण्यापेक्षा आधी उडतं, म्हणजे पातळी उतरली की आत उरलेलं ७० टक्के नसतं, कमी असतं, त्यात तुम्ही नुसतं ७० ओतत राहिलात तर दरवर्षी ते पातळ होत जातं. मोजून घाला, अल्कोहोल किती टक्के ते दाखवणारा हायड्रोमीटर काही महाग वस्तू नाही.

वहीतली ओळ

आता खरा कॅटलॉग. प्रत्येक प्राण्याला एक ओळ आणि ओळीत किमान एवढं: फील्ड नंबर, संस्थेचा कॅटलॉग नंबर (तो नंतर मिळतो, जागा रिकामी ठेवा), तारीख, वेळ, ठिकाण, अक्षांश रेखांश, उंची, कोणी पकडलं, कसं पकडलं, कुठे बसला होता, लिंग, वय, मापं, टिश्यू आहे का, फोटो नंबर, परवाना, आणि मग शेवटी नाव, ते कोणी लावलं आणि केव्हा. नाव शेवटी लिहितेय मुद्दाम.

तारखेत महिना अक्षरात लिहा. ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च यावर मी लोकांना अर्धा तास भांडताना ऐकलंय, आणि ज्याने लिहिलं तो केव्हाच गेलेला. रात्रीच्या कामात अजून एक गोची, साडेअकराला पकडलेला बेडूक आणि साडेबाराला पकडलेला बेडूक एकाच फेरीतले पण तारखा दोन, म्हणून "१४ आणि १५ जूनची रात्र" असं लिहून पुढे नेमकी वेळ.

ठिकाण असं लिहा की नकाशा हातात असलेला अनोळखी माणूस तिथे जाऊन उभा राहील. "गावाजवळ" हे ठिकाण नाही. "गावाच्या पुलापासून रस्त्याने ईशान्येला २.३ किलोमीटर, ओढ्याच्या डाव्या काठाला, पाण्यापासून दोन मीटरवर", हे ठिकाण. रस्त्याने की सरळ रेषेत ते सांगा, डोंगरात दोन्हीत भयंकर फरक पडतो. जीपीएस आकडे दशांशात, कुठल्या डेटमवर (अक्षांश रेखांश मोजायची आधारपद्धत) ते लिहून, बहुतेक वेळा डब्ल्यूजीएस ८४ असतं, आणि अचूकता किती मीटर तेही. पाचवं दशांश स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, तेव्हा फोन "८ मीटरपर्यंत अचूक" म्हणत असताना आठ स्थळं उतरवून घेणं म्हणजे उगाच शहाणपणा.

"कुठे बसला होता" हा रकाना लोक "जंगल" लिहून मोकळे करतात. दगडाखाली की पानावर, जमिनीपासून किती उंच, एकटा की जोडीत, ओरडत होता का. ओरडत असेल आणि रेकॉर्ड केलं असेल तर हवेचं तापमान लिहाच, बेडकाचा आवाज थंडीत संथ होतो, तापमानाशिवाय त्या रेकॉर्डिंगची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या मणक्यांच्या प्राण्यांच्या म्युझियमचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल, १९०८ पासून, यांनी आपल्या लोकांना अशा बारीक नोंदींची अगदी सक्तीच केली होती, रोजनिशी वेगळी, प्रत्येक जातीची पानं वेगळी, नमुन्यांची यादी वेगळी. तेव्हा ते अति वाटलं असेल, पण शंभर वर्षांनी त्याच ठिकाणी लोक परत गेले आणि कुठला प्राणी डोंगरात किती वर सरकलाय ते सांगू शकले, ते त्या वह्यांमुळेच. तसंच कायट्रिड बुरशीचं. तिला नाव मिळालं १९९९ मध्ये, पण आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकांच्या जुन्या नमुन्यांची कातडी तपासली तर १९३८ च्या एका बेडकावर ती सापडली. तो बेडूक ठेवणाऱ्याला बुरशीचा गंधही नव्हता, त्याने फक्त तारीख आणि जागा नीट लिहिली होती.

कॉम्प्युटरवर चढवताना डार्विन कोअर नावाचं प्रमाण आहे, रकान्यांची नावं त्यातली घेतली की पुढे जीबिफसारख्या जागतिक साठ्यात डेटा देताना त्रास होत नाही. आणि एक्सेलपासून जपा. आमच्याकडे एका मुलीची आद्याक्षरं नेमकी डीईसी (DEC) होती, तिने नंबर टाकला डीईसी-१२ आणि एक्सेलने आनंदाने १२ डिसेंबर करून टाकलं, अख्खा रकाना तारखांचा झाला आणि सेव्हही झाला. सगळे रकाने आधी टेक्स्ट करून घ्या, मगच टाइप करा.

आता व्हेल

इथे तुम्ही समुद्रात जायचं नाहीये, निदान सुरुवातीला नाही. अमेरिकेच्या पाण्यात उत्तर अटलांटिक राइट व्हेलपासून ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर लांब राहण्याचा कायदाच आहे, आणि जवळ जायला, ड्रोन उडवायला संशोधनाचा परवाना लागतो. नवीन माणसाचं काम खुर्चीवरचं, आलेले फोटो जुळवणं. विमानातून किंवा ड्रोनने वरून काढलेले सगळ्यात चांगले, बोटीवरून काढलेले असतील तर डोक्याच्या दोन्ही बाजू हव्यात.

ही राइट व्हेलच आहे ना? पाठीवर पर नाही, पाठ रुंद आणि सपाट, तोंडाची रेघ जोरात वर वळलेली, फवारा व्ही आकाराचा, आणि डोक्यावर घट्टे. बोहेड तिची जवळची नातेवाईक पण तिच्या डोक्यावर घट्टे नसतात. हंपबॅकच्या डोक्यावर गाठी असतात पण त्या गोल, सुट्या, प्रत्येकीत एक केस, त्यांना घट्टे समजू नका. राइट व्हेलच्या जाती तीन, उत्तर अटलांटिक, उत्तर पॅसिफिक आणि दक्षिणेकडची, तिन्हींना घट्टे असतात.

घट्टे कुठे बघायचे? आपल्या चेहऱ्यावर केस जिथे येतात साधारण तिथेच, मिशीच्या, दाढीच्या, भुवईच्या जागी. वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकावर सगळ्यात मोठा, त्याला जुन्या व्हेलमारूंनी बॉनेट म्हणजे टोपरं नाव दिलं ते आजही चालतं. मग तिथून नाकपुड्यांपर्यंतची पट्टी, नाकपुड्यांच्या मागे एखादं बेट, डोळ्यांवर, हनुवटीवर, खालच्या ओठाच्या काठावर.

आणि इथे नवीन माणूस हमखास फसतो. फोटोत घट्टे पांढरे दिसतात म्हणून तो पांढरा रंग जुळवत बसतो. तो रंग घट्ट्याचा नाहीच, घट्टा करडा-काळपटच असतो, पांढऱ्या असतात त्यावरच्या उवा, सायमिड नावाचे कवचधारी प्राणी, उवा नुसतं म्हणायचं, खऱ्या उवा नाहीत, झिंग्यांच्या लांबच्या नात्यातले. हजारोंनी दाटीवाटीने बसतात. त्यांना पोहता येत नाही, पोहणारी बालअवस्थाही नाही, त्यामुळे एका व्हेलवरून दुसरीवर अंगाला अंग लागलं तरच जातात, आईकडून पिल्लाकडे असंच. त्यातली एक नारिंगी जात पिल्लांच्या डोक्यावर आणि जखमांवर जास्त दिसते. मुद्दा हा की उवा सरकतात, कमी-जास्त होतात, आज जिथे पांढरा ठिपका आहे तिथे पुढच्या वर्षी नसेल. उचललेल्या कातडीचा आकार तोच राहतो. बेडकाचं नाव आणि त्याची जागा यात जो फरक तोच इथे उवा आणि घट्टा यात. लाटेचा फेस आणि उन्हाची चमक हे अजून दोन भामटे, त्यासाठी एकाच दिवसाचे दोन-तीन फोटो शेजारी ठेवूनच बघायचं.

मग पेन्सिलने रेखाटन करा. होय, हाताने. फोटोकडे बघत राहण्यापेक्षा एकदा काढलं की डोळा शिकतो. पहिला प्रश्न, बॉनेटपासून मागे जाणारी पट्टी सलग आहे की तुटलेली. या एका प्रश्नाने कॅटलॉगमधल्या कितीतरी व्हेल एका झटक्यात बाजूला होतात. तुटलेली असेल तर मध्ये बेटं किती, कुठल्या बाजूला सरकलेली. सलग असेल तर कडेला आखातासारखे खाचे कुठे. नाकपुड्यांमागे काय. ओठाच्या काठावर घट्टे आहेत का, डावीकडे किती, उजवीकडे किती. डावं उजवं हे व्हेलचं, तुमचं नाही, आणि फोटो कोणी आरशासारखा उलटा केलेला नाही ना ते बघा. माझा एक अख्खा शनिवार एका उलट्या फोटोत गेलाय, जुळत सगळं होतं पण कुठेच बसत नव्हतं.

घट्ट्यांनंतर बाकीच्या खुणा, पोटावरचे पांढरे डाग, शेपटीवरचे कट, जाळ्याच्या दोराने पडलेले वळ, जहाजाच्या पंख्याच्या जखमा. या खुणा वाढत जातात म्हणून त्यांना कधी पहिल्यांदा दिसल्या ती तारीख जोडायची. नव्या फोटोत वळ नाही आणि जुन्यात आहे, तर ती वेगळी व्हेल असण्याची शक्यता जास्त. उलट असेल तर काही सिद्ध होत नाही.

ही वर्णनं टाकून पाच-दहा उमेदवार काढायचे, एकेकीशी ताडायचं, आणि तुम्हाला जुळलं असं वाटलं तरी दुसऱ्या जाणत्या माणसाने तुमचं उत्तर न बघता होकार दिल्याशिवाय नोंद पक्की करायची नाही. जुळलं नाही म्हणजे लगेच नवीन व्हेल असंही नाही, फोटो वाईट असू शकतो, तिला तात्पुरता नंबर देऊन बाजूला ठेवायचं. पिल्लांचं तर वेगळंच, जन्मल्यावर काही महिने घट्टे नीट ठरलेले नसतात आणि उवांनी सगळं झाकलेलं असतं, म्हणून पिल्लू आईच्या नंबराखाली लिहितात, आणि कातडीचा नमुना मिळाला असेल तर मोठं झाल्यावर डीएनएवरून सांधा जुळतो.

प्रत्येक वेळी दिसली की एक नोंद, तारीख, वेळ, जागा, फोटो कोणी काढला, फ्रेम नंबर, सोबत कोण. ओळखीची वहीतली ओळ आहे की नाही?

हे सगळं सुरू झालं १९७० च्या आसपास, अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पापाशी व्हेलचे अभ्यासक रॉजर पेन आणि त्यांच्या सोबतच्यांनी दक्षिणेकडच्या राइट व्हेल घट्ट्यांवरून ओळखायला घेतल्या तेव्हा. त्यांच्यातल्याच अभ्यासात पुढे दिसलं की नरांचे घट्टे मोठे असतात आणि त्यांच्या अंगावर घट्ट्यांनी ओरबाडल्याच्या रेघा जास्त असतात, म्हणजे भांडणात त्यांचा उपयोग होत असावा. उत्तर अटलांटिकचा कॅटलॉग बॉस्टनचं न्यू इंग्लंड ॲक्वेरियम सांभाळतं. तिथे उरल्यात चारशेच्याही आत, म्हणून एकेक व्हेल चार आकडी नंबराने माहीत आहे. २०१५ मध्ये कॅगल या साइटवर हे जुळवणं कॉम्प्युटरला शिकवायची स्पर्धाही झाली. मशीन यादी छोटी करून देतं, होकार अजून माणसाचाच लागतो.

त्या कॅटलॉगमधली १००४ नंबरची मादी, स्टंपी, हिचं उदाहरण मी नवीन लोकांना नेहमी देते. वर्षानुवर्षं फोटोंवरून ओळखलेली, पिल्लं झालेली, २००४ मध्ये जहाजाची धडक बसून मेली, पोटात पिल्लू होतं. तिचा सांगाडा आता नॉर्थ कॅरोलिनाच्या रॅले शहरातल्या निसर्गविज्ञान म्युझियममध्ये आहे. म्हणजे एकाच प्राण्याला समुद्रात घट्ट्यांचा नंबर आणि म्युझियममध्ये हाडांचा नंबर, आणि दोन्ही वह्या एकमेकींकडे बोट दाखवतात म्हणून त्या हाडांना वय आहे, आयुष्य आहे. नाहीतर नुसता जबडा असता.

चूक झाली तर, आणि प्रती

चूक होणारच. कागदी रजिस्टरमध्ये खाडाखोड, व्हाइटनर काही नाही, एक सरळ रेघ, वर नवीन, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख, जुनं वाचता आलं पाहिजे. ठिकाण चुकलंय असं वाटलं तर मूळ शब्द तसेच ठेवून तुमची दुरुस्ती वेगळ्या रकान्यात टाका, कारण उद्या कळू शकतं की मूळ लिहिणाराच बरोबर होता. नाव बदललं तर जुनं नाव, ते लावणारा, वर्ष, सगळं मागे ठेवायचं आणि बाटलीतली जुनी चिठ्ठी बाहेर काढायची नाही, नवी शेजारी टाकायची. मी जुन्या बाटल्यांत चार-चार चिठ्ठ्या बघितल्यात, प्रत्येक वेगळ्या हाताची, आणि वाचायला जाम मजा येते. व्हेलचंही तसंच, दोन नंबर एकाच व्हेलचे निघाले तर एक बंद करायचा, पण "हा नंबर आता त्या नंबरात" अशी ओळ ठेवायची.

कॅटलॉगची प्रत दुसऱ्या इमारतीत असू द्या. मे २०१० मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बुटांटान इन्स्टिट्यूटमध्ये आग लागली आणि शंभर वर्षांत जमवलेले हजारो साप एका सकाळीत गेले, अल्कोहोलच्या बाटल्यांची खोली पेटली की थांबवता येत नाही. प्राणी परत येत नाहीत, निदान ओळी, मापं, फोटो तरी दुसरीकडे हवेत. महिन्यातून एकदा प्रत काढा, आणि वर्षातून एकदा कुठल्याही दहा ओळी घेऊन त्या नंबरांच्या बाटल्या खरंच शेल्फवर आहेत का बघून या, मग उलट, शेल्फवरच्या कुठल्याही दहा बाटल्या उचलून त्यांची ओळ वहीत आहे का बघा. पहिल्या वर्षी माझ्या वीसपैकी तीन सापडल्या नव्हत्या, दोन शेजारच्या कपाटात होत्या आणि एक कोणीतरी वर्गात दाखवायला नेलेली, ती अजून यायचीये.